साकुरा नेमकी कोणती? मांगा-ॲनिमेतल्या नावबहिणींची नोंद ठेवण्याची रीत

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. ॲनिमेवेड्यांच्या एखाद्या ग्रुपवर ‘साकुराचा वाढदिवस कधी?’ एवढाच प्रश्न टाकून बघा. ‘नारुतो’वर वाढलेला मुलगा २८ मार्च म्हणेल, ‘कार्डकॅप्टर साकुरा’ पाहिलेली मुलगी १ एप्रिल म्हणेल आणि ‘फेट’वाला २ मार्चवर अडून बसेल. तिघांचंही उत्तर बरोबर असतं. चूक प्रश्न विचारणाऱ्याची, कारण त्याच्या डोक्यात एकच साकुरा होती.

अशा नावांची एकदा नीट नोंद करून ठेवली की क्विझ काढताना, चाहत्यांच्या विकीवर पान लिहिताना किंवा नुसतं शोधताना फार वेळ वाचतो. ही नोंद कशी करायची ते इथे एकाच नावावर पायरीपायरीने दाखवलं आहे. ‘साकुरा’ (जपानीत चेरीचं झाड किंवा त्याचा बहर) हेच नाव घेण्याचं कारण असं, की या कामात जेवढे खड्डे असू शकतात तेवढे सगळे याच नावात आहेत. ते नाव आहे, आडनावही आहे. तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. एकाच लेखिकागटाने ते दोनदा वापरलंय. ते शर्यतीच्या घोड्यांनाही असतं. इथे हात बसला की युकी, आकिरा, रेन, माकोतो यांची नोंद त्या मानाने सोपी जाते.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. नुसती नावांची रांग लावण्यात काही अर्थ नाही. या पात्राला हेच नाव का दिलं असावं, याचा अंदाज ज्या नोंदीवरून बांधता येतो तीच नोंद ठेवण्यालायक.

पायरी १ : आधी रकाने ठरवा

कुठलीही स्प्रेडशीट चालेल. नावं गोळा करायच्या आधी रकाने आखा, नाहीतर निम्मी यादी झाल्यावर सगळं उलटंपालटं करावं लागतं. मला पुरेसे वाटणारे रकाने असे: आडनाव, नाव, जपानीत कसं लिहितात, मूळ कृती, निर्माता, मूळ माध्यम आणि वर्ष, ॲनिमे कधी आला, आवाज कोणाचा, आणि शेवटी टीप.

आडनाव आणि नाव दोन वेगळ्या रकान्यांत हवीत. जपानीत आडनाव आधी येतं, इंग्रजी आवृत्त्या बऱ्याचदा ते उलटं करतात. त्यात १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, त्यामुळे जुन्या आणि नव्या मजकुरात दोन्ही क्रम सापडतात. एकाच रकान्यात ‘साकुरा हारुनो’ आणि खाली ‘किनोमोतो साकुरा’ असं लिहीत गेलात तर पुढे गाळणी लावता येत नाही.

देवनागरीतलं स्पेलिंगही आताच पक्कं करा. ‘सकुरा’ लिहिलं तर मराठी माणूस पहिला ‘स’ आखूड अकाराचा वाचतो. जपानी उच्चारात तो ‘आ’च्या जवळचा आहे, फक्त लांबवायचा नाही. म्हणून ‘साकुरा’. ‘साकूरा’ नको, मधला ‘कु’ ऱ्हस्वच आहे. एक रूप धरा आणि सगळीकडे तेच वापरा.

पायरी २ : फोनवर जपानी कीबोर्ड चढवा

याला जपानी येण्याची गरज नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये जपानी कीबोर्ड जोडा, त्यात रोमन अक्षरांचा पर्याय निवडा आणि नाव टाइप करा. वर पर्यायांची पट्टी येते: हिरागानात, काताकानात (या दोन उच्चारानुसार लिहायच्या लिप्या) आणि पाठोपाठ वेगवेगळ्या कांजींत (अर्थ सांगणारी चिन्हं). यातलं प्रत्येक रूप एका कोऱ्या ओळीत उतरवून ठेवा. पुढचा सगळा शोध या रूपांनीच घ्यायचा आहे.

नुसतं काताकानातलं ‘साकुरा’ शोधू नका. जपानी बोलीत या शब्दाचा एक अर्थ ‘दुकानदाराने गर्दीत पेरलेला खोटा गिऱ्हाईक’ असाही आहे, आणि त्या अर्थाने तो बहुधा काताकानातच लिहितात. परिणामी खोट्या रिव्ह्यूंबद्दलचे इशारे पानंच्या पानं समोर येतात. घोड्याच्या मांसालाही ‘साकुरा’ म्हणतात, तेही मधे डोकावतं. शोधताना सोबत आडनाव किंवा कृतीचं नाव द्यायचंच.

पायरी ३ : आडनावं बाजूला काढा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

‘गेक्कान शोजो नोझाकी-कुन’ची नायिका साकुरा चियो, ‘मादोका माजिका’तली लाल पोशाखातली साकुरा क्योको, ‘पर्सोना ५’मधली साकुरा फुताबा. या तिघींचं ‘साकुरा’ हे आडनाव आहे आणि तिघींचंही एकाच कांजीजोडीत लिहिलं जातं. पहिल्या कांजीचा अर्थ ‘साहाय्य’, दुसरीचा ‘कोठार’. चेरीच्या झाडाशी तिचा संबंध नाही. चिबा प्रांतात याच दोन कांजींचं साकुरा नावाचं शहर आहे. ‘डंबेल नान किलो मोतेरू?’मधली व्यायामशाळेत घाम गाळणारी साकुरा हिबिकी हीसुद्धा आडनावाचीच, फक्त तिची पहिली कांजी ‘तलम जाळीदार कापड’ या अर्थाची.

म्हणजे कांजी पाहिली की निकाल लागतो, असं वाटेल. तसं होत नाही, कारण ‘विंड ब्रेकर’चा नायक. नाव साकुरा हारुका. इथे ‘साकुरा’ची कांजी थेट चेरीच्या झाडाचीच आहे, तरी ते आडनाव आहे. शिवाय तो मुलगा आहे, आणि ‘हारुका’ हे नाव ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुलगी येते. घाईत बनवलेल्या याद्यांमध्ये हा बिचारा हमखास ‘साकुरा नावाच्या मुली’त जाऊन बसतो.

तिसरा अवघड नग ‘चिबी मारुको-चान’. मारुकोचं खरं नाव साकुरा मोमोको. हेच लेखिकेचं टोपणनाव, कारण मालिका तिच्या स्वतःच्या बालपणावर बेतलेली आहे. १९८६ मध्ये ‘रिबोन’ मासिकात ती सुरू झाली आणि १९९० मध्ये टीव्हीवर आली. इथे ‘साकुरा’ हिरागानात लिहितात, म्हणजे दिसायला अगदी मुलीच्या नावासारखं. पण घरातल्या सगळ्यांचंच ते आडनाव आहे: आजोबा साकुरा तोमोझो, आई साकुरा सुमिरे.

मग ओळखायचं कसं? एक साधी कसोटी आहे, घरातली माणसं काय म्हणून हाक मारतात ते बघा. शाळेत, टोळीत, कचेरीत आडनावाने हाक मारायची पद्धत असल्याने मित्र काय म्हणतात यावरून काहीच ठरत नाही. घरात मात्र सगळ्यांचं आडनाव एकच असतं, त्यामुळे आई किंवा भाऊ आडनावाने हाक मारणार नाहीत. पात्राचं घर कथेत दाखवलेलंच नसेल तर पुस्तकाच्या सुरुवातीचं पात्रपरिचयाचं पान उघडा आणि पहिलं येतं ते आडनाव धरा.

याच पायरीत अर्धवट जुळणारी नावंही काढून टाका. ‘स्लॅम डंक’चा साकुरागी हानामिची आणि ‘बनी गर्ल’वाली साकुराजिमा माई यांच्या आडनावात साकुरा फक्त सुरुवातीला आहे. ‘साकुराको’ हे वेगळं नाव आहे. ‘उमा मुसुमे’मधल्या साकुरा बाकुशिन ओ, साकुरा लॉरेल, साकुरा चियोनो ओ या खऱ्या शर्यतीच्या घोड्यांवरून घेतलेल्या आहेत. एकाच मालकाच्या घोड्यांच्या नावाआधी ठरावीक शब्द जोडायची जपानात रीत आहे, तो हा शब्द. ‘फेट’च्या चाहत्यांना ‘साकुरा सेबर’ माहीत असते, पण ते ओकिता सोजीचं टोपणनाव आहे. तिला यादीत घेऊ नका.

आणि ‘उरुसेई यात्सुरा’तला भोंदू वाटणारा बुटका भिक्षू चेरी? त्याचं खरं नाव साकुरान्बो. उच्चार चेरीच्या फळाचा, पण कांजी अशा निवडल्यात की अर्थ होतो ‘भ्रमिष्ट बुवा’. त्याला यादीत जागा नाही, पण त्याच्या भाचीला आहे. तिच्याकडे येतोच.

पायरी ४ : लिहिण्याची तऱ्हा नोंदवा

आता उरलेल्या खऱ्या साकुरा तीन गटांत पाडायच्या.

काताकानातल्या तीन. पहिली ती भाची, ‘उरुसेई यात्सुरा’तली शाळेच्या दवाखान्यातली बाई. ती देवळातली मिकोही (शिंतो देवळातली सेविका) आहे. तिला आडनाव दिलेलंच नाही, तेव्हा तो रकाना रिकामा न सोडता ‘दिलेलं नाही’ असं लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच वाटेल की शोधायचं राहिलं. दुसरी ‘नारुतो’ची हारुनो साकुरा. त्या मालिकेत नारुतो, सासुके, काकाशी, हिनाता अशी बहुतेक सगळीच पहिली नावं काताकानात आहेत, त्यामुळे तिच्या काताकानात वेगळं काही शोधू नये. तिसरी ‘त्सुबासा: रिझर्व्हॉयर क्रॉनिकल’ची राजकन्या साकुरा.

हिरागानातल्या सगळ्यात जास्त: शिंगूजी साकुरा आणि आमामिया साकुरा (दोघीही ‘साकुरा ताईसेन’, म्हणजे बाहेर ‘साकुरा वॉर्स’), ‘स्ट्रीट फायटर’ची कासुगानो साकुरा, ‘दा कापो’ची योशिनो साकुरा, ‘दांगानरोन्पा’ची ओगामी साकुरा आणि ‘झोम्बीलँड सागा’ची मिनामोतो साकुरा. हिरागाना मऊ, गोलसर दिसते आणि मुलींच्या नावांना ती बरीच वापरतात. म्हणूनच ओगामी साकुराचं नाव वाचून गंमत वाटते. ती डोंगराएवढी, पिळदार दंडांची मल्ल, शाळेतल्या सगळ्यांपेक्षा ताकदवान, आणि नाव इतकं नाजूक वळणाचं.

कांजीतल्या तीन. ‘फेट/स्टे नाइट’ची मातो साकुरा एकाच कांजीने, चेरीच्या झाडाची. ती आज दहा रेघांची आहे. जुन्या रूपात एकवीस रेघा होत्या, आणि ते रूप अधूनमधून आडनावांत भेटतं. शोधताना दोन्ही रूपं टाकून बघावीत. ‘किमि नो सुइझो ओ ताबेताई’ची यामाउची साकुरा दोन कांजींनी लिहितात: आधी चेरी, मग ‘चांगलं’ या अर्थाची. तिसरी किनोमोतो साकुरा. तिचं पूर्ण नाव कांजीत आहे, पण मालिकेच्या शीर्षकात ते हिरागानात आहे. अशा वेळी एक रूप खरं आणि दुसरं खोटं मानू नका, दोन्ही लिहा. शोधणारा कुठून येईल सांगता येत नाही.

‘साकुरा ताईसेन’मध्ये याच्या उलट जमलंय. शीर्षकातलं साकुरा काताकानात, नायिकेचं हिरागानात.

पायरी ५ : आडनाव नावासोबत मोठ्याने वाचा

नोंद निर्जीव यादीतून बाहेर येते ती इथे. आडनाव आणि नाव जोडून वाचलं की लेखकाने काय मनात धरलं होतं ते बऱ्याचदा कळतं.

हारुनो साकुरा. आडनावाच्या कांजींचा अर्थ ‘वसंतातलं माळरान’. पण नुसतं ऐकलं तर ‘हारु नो साकुरा’, म्हणजे वसंतातला चेरीचा बहर. आंबेकरांच्या घरी मुलीचं नाव मोहोर ठेवावं तसा प्रकार. कासुगानो साकुराच्या आडनावातही वसंताची तीच कांजी आहे, पुढे ‘दिवस’ आणि ‘माळ’. योशिनो साकुराचं आडनाव ऐकताच जपानी माणसाला नारा प्रांतातला चेरीसाठी प्रसिद्ध असलेला योशिनो डोंगर आणि सोमेई योशिनो ही चेरीची जात आठवणार. कांजी मात्र त्या डोंगराच्या नाहीत, फक्त उच्चार जुळवलाय. कथा घडते तीही कधीच न कोमेजणाऱ्या चेरीच्या बेटावर.

किनोमोतो घराण्यात तर बागच आहे. आडनावात झाड आणि बुंधा. वडील फुजिताका, त्यात विस्टेरियाची कांजी. आई नादेशिको, ते फुलाचंच नाव. भाऊ तोया, त्यात पीचची कांजी. आणि शेंडेफळ साकुरा. घरातल्या चौघांची नावं एकत्र लिहिल्याशिवाय ही रचना दिसत नाही, म्हणून टीपेच्या रकान्यात कुटुंबाची नावंही उतरवायची सवय ठेवा.

मातो साकुराच्या आडनावातही एक झाड आहे, पाउलोनियाचं. पण ते तिचं जन्माचं आडनाव नाही, आणि ‘फेट’ पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तिच्या साऱ्या दुःखाचं मूळ या आडनाव बदलण्यातच आहे. दत्तक गेलेल्या मुलीच्या नोंदीत दोन्ही आडनावं हवीत: आधीचं तोसाका, नंतरचं मातो. हारुनो साकुराही पुढे उचिहा होते. लग्नाने बदललेलं आडनाव टीपेत टाका, मुख्य रकान्यात मूळचंच राहू द्या.

सगळीकडे अर्थ ओढूनताणून काढायचा नाही, हेही सांगायला हवं. मिनामोतो हे जुन्या क्षत्रिय घराण्याचं भारदस्त आडनाव, यामाउची साधंसं. तिथे फुलाफांदीचा खेळ दिसत नसेल तर रकाना कोरा ठेवलेला बरा.

पायरी ६ : पात्र मुळात कुठे जन्मलं?

‘मांगा-ॲनिमेतली पात्रं’ म्हणताना आपण गृहीत धरतो की ती मांगातून आली असतील. वर आलेल्या बारा जणींचं मूळ माध्यम लिहून बघा. ‘उरुसेई यात्सुरा’, ‘कार्डकॅप्टर’, ‘नारुतो’ आणि ‘त्सुबासा’ या चार मांगातल्या. यामाउची साकुरा कादंबरीतली. मिनामोतो साकुरा थेट ॲनिमेसाठी घडवलेली. राहिलेल्या सहाही जणी व्हिडिओ गेममधून आलेल्या. म्हणजे निम्म्या.

वर्ष लिहिताना हे पहिलं माध्यम धरायचं. ‘फेट/स्टे नाइट’चा गेम २००४चा, पहिला ॲनिमे २००६चा, आणि साकुराला केंद्रस्थानी ठेवणारे ‘हेवन्स फील’चे तीन चित्रपट २०१७, २०१९ आणि २०२०चे. नुसत्या चित्रपटाचं वर्ष लिहिलं तर ती अलीकडची वाटते. ‘दांगानरोन्पा’ गेम २०१०चा, ॲनिमे २०१३चा. यामाउची साकुराची कादंबरी २०१५ची, ॲनिमे चित्रपट २०१८चा.

आता यादी वर्षांप्रमाणे लावा. ‘उरुसेई यात्सुरा’ सगळ्यात आधी, १९७८. मग बराच काळ शांतता आणि १९९६ला एकदम तिघी: ‘स्ट्रीट फायटर झीरो २’ची कासुगानो, सेगा सॅटर्नवरच्या ‘साकुरा ताईसेन’ची शिंगूजी, आणि ‘नाकायोशी’ मासिकात सुरू झालेली किनोमोतो. तीन वेगळ्या कंपन्या आणि तीन वेगळे वाचक-खेळाडू वर्ग. एक शाळकरी गणवेशात मारामारी करणारी, एक किमोनो घालून तलवार चालवणारी, एक चौथीतली जादूगार. नंतर १९९९ला ‘नारुतो’ आला तोवर वाचकाच्या कानात हे नाव चांगलं बसलेलं होतं. रकाना वर्षाप्रमाणे लावला नाही तर हे दिसतच नाही.

कासुगानोच्या बाबतीत एक उलटा प्रवासही टिपून ठेवा. मासाहिको नाकाहिराने तिच्यावर ‘साकुरा गांबारू!’ हा मांगा काढला, त्यात तिची प्रतिस्पर्धी म्हणून कारिन ही श्रीमंत मुलगी आली, आणि पुढे कारिनलाच १९९८च्या गेममध्ये घेतलं. पात्रं गेममधून मांगात जातात हे सगळे धरून चालतात. मांगातून गेममध्ये गेलेलीही असतात.

पायरी ७ : एकच व्यक्ती की दोन?

या पायरीवर चाहत्यांची जुंपते. माझा नियम असा: स्वतःचं कुटुंब आणि स्वतःचा भूतकाळ असेल तर नवा क्रमांक. वय, लग्न, पोशाख किंवा कथेचा फाटा बदलला असेल तर जुन्याच क्रमांकाला अ, आ, इ जोडायचं.

हा नियम ‘त्सुबासा’ला लावून बघू. क्लॅम्प या लेखिकागटाने आपली जुनी पात्रं नव्या कथेत वेगळ्या आयुष्यासह आणली. ही क्लृप्ती मांगात जुनी आहे. ओसामु तेझुका आपली पात्रं नटांसारखी एका कथेतून दुसरीत घेत असे, त्याला ‘स्टार सिस्टिम’ म्हणतात. ‘त्सुबासा’ची साकुरा दिसायला किनोमोतोच, पण ती क्लो राज्याची राजकन्या आहे, तिचा भाऊ तिथला राजा आहे आणि तिच्या आठवणी पिसांच्या रूपात जगोजगी विखुरल्या आहेत. तेव्हा नवा क्रमांक. आवाजानेही हेच सांगितलंय. किनोमोतोला तांगे साकुराने आवाज दिला, ‘कार्डकॅप्टर’च्या २०१८च्या पुढच्या मालिकेत, ‘क्लिअर कार्ड’मध्येही तिनेच. ‘त्सुबासा’च्या २००५च्या ॲनिमेत माकिनो युइ होती. त्याच मांगात पुढे साकुराची एक घडवलेली प्रतिकृतीही निघते. तिला मी ‘अ’ देतो, वेगळा क्रमांक नाही. हा मुद्दा कथा न वाचलेल्यासमोर काढू नका.

‘फेट/झीरो’त दिसणारी छोटी मुलगी ती मातो साकुराच, काही वर्षं आधीची. पण ‘फेट/एक्स्ट्रा’तली साकुरा शाळेच्या दवाखान्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, चेहरा मात्र तोच. तिला कुटुंब नाही, म्हणून माझ्या वहीत ती उपक्रमांकावर आहे. कोणी तिला पूर्ण क्रमांक दिला तर मी भांडणार नाही, फक्त त्याने आपला नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

‘साकुरा ताईसेन’च्या दोघींबाबत मात्र शंकाच नको. शिंगूजी १९९६ची, कोसुके फुजिशिमाच्या रेखाटनातली. आमामिया २०१९च्या ‘शिन साकुरा ताईसेन’ची, ‘ब्लीच’वाल्या टिटे कुबोच्या हातची, तिचा ॲनिमे २०२०चा. लहानपणी वाचवणाऱ्या शिंगूजीसारखं व्हायचं हेच आमामियाचं स्वप्न. एकाच मालिकेत दोन साकुरा आल्या की नुसतं ‘साकुरा वॉर्सची साकुरा’ लिहून भागत नाही.

जाता जाता एक योगायोग. ‘साकुरा ताईसेन’चा नायक ओगामी इचिरो आणि ‘दांगानरोन्पा’ची ओगामी साकुरा यांच्या आडनावाच्या कांजीही एकच आहेत. ‘ओगामी’ आणि ‘साकुरा’ एकत्र शोधलं की दोन्ही मालिका एकमेकींत मिसळून येतात.

पायरी ८ : आवाज आणि परदेशी आवृत्त्या

आवाजाच्या रकान्यात तांगे साकुराचं नाव लिहाल तेव्हा लक्षात येईल की किनोमोतो साकुराचा आवाजही साकुराच आहे. नोगावा साकुरा हीदेखील आवाज-अभिनेत्री. साकुरा आयानेचं ‘साकुरा’ हे आडनाव, वरचं साहाय्य-कोठारवालं. शोधात या तिघी पात्रांमध्ये मिसळतात, म्हणून आवाज देणाऱ्यांची नावं वेगळ्या रंगात ठेवावीत.

परदेशी आवृत्तीत नाव बदललं असेल तर तेही हवं. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ २०००मध्ये ‘कार्डकॅप्टर्स’ या नावाने इंग्रजीत गेली तेव्हा किनोमोतो आडनावाचं ॲव्हलॉन झालं, तोमोयोची मॅडिसन झाली, भाग गाळले गेले. पहिलं नाव मात्र साकुराच राहिलं. लहानपणी ही आवृत्ती पाहिलेला माणूस तुमच्या वहीत ‘ॲव्हलॉन’ शोधणार, तेव्हा टीपेत तो शब्द असू द्या.

पायरी ९ : खात्री कुठून करायची

सगळ्यात आधी मांगाचं छापील पुस्तक. शोनेन (मुलांच्या) आणि शोजो (मुलींच्या) मासिकांतल्या मांगात कांजीच्या बाजूला बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. म्हणजे हिरागाना-काताकाना एवढंच येत असलं तरी नाव तपासता येतं. पुण्यात जपानी शिकणारे एवढे आहेत की ग्रुपमध्ये एखादा तरी एन-५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) दिलेला निघतोच, त्याला कामाला लावा. त्यानंतर ॲनिमेच्या शेवटची श्रेयनामावली, मग अधिकृत संकेतस्थळावरचं पात्रांचं पान. चाहत्यांच्या विकी सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त कुठे बघायचं ते कळण्यासाठी. वाढदिवस, उंची, आवडता पदार्थ अशा गोष्टी एका विकीवरून दुसऱ्यावर नकलून जात राहतात, त्यामुळे दहा ठिकाणी एकच तारीख दिसली तरी तो पुरावा एकच समजा.

पायरी १० : दुसऱ्याला देण्याआधी

वहीत स्पॉयलर, म्हणजे कथेतली गुपितं आधीच फोडणारे तपशील, भरपूर साचलेले असतात. मातोचं जुनं आडनाव, उचिहा, ‘त्सुबासा’ची प्रतिकृती. हे सगळं एका वेगळ्या रकान्यात हलवा आणि वाटताना तो रकाना लपवा. मिनामोतो साकुराच्या बाबतीत प्रश्न जरा नाजूक आहे. तिचं जे व्हायचं ते पहिल्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांतच होतं आणि मालिकेच्या नावातही आहे, पण ते अचानक अंगावर येण्यातच मजा आहे. मी तिच्यापुढे फक्त ‘गायिका, सागा प्रांत, २०१८’ एवढंच ठेवतो.

क्विझसाठी वही वापरायची असेल तर प्रश्नात आडनाव, मालिका किंवा वर्ष यांपैकी एक तरी यायलाच हवं.

तिसऱ्या पायरीत बाहेर काढलेल्या ओळी पुसू नका. त्या दुसऱ्या पानावर ठेवा, कारण एका नावाचा कचरा हा दुसऱ्या नावाचा कच्चा माल असतो. ‘विंड ब्रेकर’चा साकुरा हारुका हीच ‘हारुका’च्या वहीची पहिली ओळ. त्याच्या खाली ‘सेलर मून’ची तेनो हारुका येईल, सेलर युरेनस, मुलगी असून पुरुषी पोशाखात वावरणारी. तिच्या खाली २०१३च्या ‘फ्री!’मधला पोहणारा नानासे हारुका, ज्याच्या टोळीत माकोतो, नागिसा आणि रिन हे सगळे मुलगे आहेत आणि आपली नावं मुलींसारखी असल्याचं ते स्वतःच बोलून दाखवतात. तेव्हा त्या वहीत पहिल्याच दिवशी एक नवा रकाना लागेल, मुलगा की मुलगी.